फक्कीनं आखलेलं इस्पितळ

मी काढलेला पहिला नकाशा मेश्राम सिस्टरांनी उलटा धरला.

मला वाटलं, नकाशा वाचायची सवय नसेल. मी हात पुढे करून तो सरळ करायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"असू द्या. उत्तर दिशा वर असते, माहितीय मला. पण पेशंट उत्तरेकडून येत नाही, गेटातून येतो. मीही गेटातूनच आत जाते."

मग नकाशातलं फाटक आपल्या पोटाशी येईल असा कागद फिरवून त्यांनी त्यावर बोटानं चालायला सुरुवात केली. फाटक, पायऱ्या, केसपेपरची खिडकी, मोठी लॉबी, जिना, लिफ्ट. प्रत्येक दारापाशी बोट क्षणभर थांबायचं, जणू कोणी आतून "या" म्हणायची वाट बघतंय. चौथ्या वळणावर ते थांबलं ते थांबलंच.

"इथं मी मेले," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मला हार्ट अटॅक आलाय, मी रिक्षातून उतरलेय आणि अजून तुमच्या लॉबीतच आहे."

शेजारी बसलेले डॉक्टर आपटे, म्हणजे रुग्णालयाचे अधीक्षक, चष्मा पुसत म्हणाले, "लॉबी सुंदर असल्यामुळे मरण सुखाचं येईल." मी नकाशा गुंडाळला.

हे रुग्णालय पुण्याजवळच्या मांजरी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. उसाच्या मळ्यांवर आणि आसपासच्या लहान कारखान्यांत राबणाऱ्या लोकांसाठी परिसरातल्याच काही मंडळींनी न्यास करून ते उभारलं होतं. बैठी इमारत, वर नंतर चढवलेला एक मजला, दारात कडुनिंब. पुढे शहर त्या बाजूला धावत सुटलं. उसाच्या जागी काचेच्या इमारती आल्या, त्यांत कॉम्प्युटरवर काम करणारी पोरं-पोरी आली, त्यांच्यासाठी सोसायट्या आल्या, सोसायट्या बांधायला गवंडी आले, राखायला वॉचमन आले, स्वयंपाकाला बायका आल्या. आणि आजारी पडल्यावर हे सगळे इथंच यायला लागले. सकाळी ओपीडीची रांग फाटकाबाहेर शहाळेवाल्यापर्यंत जायची. बाळंतिणींच्या वॉर्डात एका कॉटवर दोघी असायच्या. अपघात विभाग म्हणजे पडदा लावलेली एक खोली. न्यासानं वाढीव बांधकाम करायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. तोवर मी बंगले बांधले होते आणि एका बँकेची शाखा. आजारी माणसांसाठी काही बांधायची माझी ही पहिलीच वेळ.

मेश्राम सिस्टर तिथल्या मेट्रन. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, पांढऱ्या साडीला कायम कडक इस्त्री, छातीवर पिनेनं उलटं लावलेलं घड्याळ. मूळच्या भंडाऱ्याच्या. नर्सिंग शिकायला पुण्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. बोलणं एरवी अगदी शुद्ध पुणेरी, पण राग आला की भंडारा बाहेर पडायचा. "काहून?" एवढा एकच शब्द. कॉरिडॉरच्या एका टोकाला त्या "काहून?" म्हणाल्या, की दुसऱ्या टोकाचे वॉर्डबॉय विड्या विझवायचे.

गर्दीत त्या कधीच गोंधळत नसत. मी एकदा त्याचं कौतुक केलं तर म्हणाल्या, "अहो, माझे आई-बाबा नागपूरला दीक्षेला गेले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. एवढ्या माणसांत लेकरू हरवू दिलं नाही तिनं. ही काय गर्दी आहे?"

दुपारचा डबा त्या कपड्यांच्या कोठीत, चादरींच्या चळतींमध्ये बसून खायच्या. डब्यात जवसाची चटणी हमखास. तरुण नर्सेसच्या डब्यातली आमटी चाखून म्हणायच्या, "आमटीत गूळ, भाजीत साखर. तुम्ही पुण्याचे लोक आपले पेशंट स्वतःच तयार करता." आणि मग सगळी आमटी संपवायच्या.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कोणी काहीही सुचवलं, कपाट इकडे हलवू या, औषधांची खिडकी तिकडे नेऊ या, की त्या विचारायच्या, "चालून पाहिलं का?" उत्तर 'नाही' आलं की संभाषण संपलं.

नकाशा गुंडाळून मी उठले, तर त्या म्हणाल्या, "उद्या आठ वाजता या. कागद आणू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओपीडीच्या बाकावर बसवलं आणि निघून गेल्या. "एक वाजता येते मी. कोणी विचारलं तर पोटात दुखतंय म्हणा."

पाच तास मी तिथं होते. माझ्या एका बाजूला टॉवेलात हात गुंडाळलेला एक सुतार होता. दुसऱ्या बाजूला एक आजी. त्यांनी मला तीनदा विचारलं, "एक्स-रे कुठं हाय गं?" आणि तिन्ही वेळा मला सांगता आलं नाही. पाणी प्यायला उठले तर माझी जागा गेली, मग भिंतीला टेकून राहिले. समोर गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक मुलगा तापानं फणफणलेला असूनही फोनवर कोणाला तरी सांगत होता, "डिलिव्हरी आजच होईल सर." सुतारानं दचकून त्याच्याकडे पाहिलं.

एक वाजता सिस्टर आल्या. "काय दिसलं?"

मी सुरुवात केली, "मला वाटतं, लोकांच्या ये-जा करण्याच्या मार्गांचं नीट नियोजन..."

"ते राहू द्या. काय दुखलं?"

"कंबर."

"लिहा. बाकाला पाठ पाहिजे. पुढे?"

त्या दिवशी मी जे कागदावर उतरवलं, ते माझ्या पाच वर्षांच्या कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. पाण्याचा नळ बसल्या जागेवरून दिसला पाहिजे. पाट्यांवर बाण हवा आणि चित्र हवं, कारण आजींना वाचता येत नाही. बायकांच्या संडासाला आतून कडी हवी आणि पिशवी अडकवायला खुंटी. सिस्टर सांगत होत्या आणि मी निमूट लिहीत होते.

त्यानंतर आठवडाभरानं मी खालच्या कॉरिडॉरची मापं घेत होते. टेपचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं घोडकेमामांच्या. घोडकेमामा तिथले सर्वांत जुने वॉर्डबॉय, मांजरी गावातले, निवृत्तीला टेकलेले. अकराच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई आली, सासूच्या खांद्यावर भार टाकून. दिवस भरलेले. बाळंतिणींचा वॉर्ड वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि स्ट्रेचर जिन्यावर वळत नाही म्हणून चौघांनी उचलून न्यायचं, तर चौघं जमेपर्यंत ती एक्स-रेच्या दारापाशीच खाली बसली.

सिस्टर कुठून आल्या कळलं नाही. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कुठं न्यायचं नाही."

माझ्या हातातला टेप काढून त्यांनी बाजूला फेकला आणि चादरीचं टोक माझ्या मुठीत दिलं. "धरा. तोंड भिंतीकडे." रांगेतल्या बायकांना पुढे बोलावलं, पुरुषांना मागं वळायला लावलं. मिनिटभरात चार चादरींची एक खोली उभी राहिली. तिच्या भिंती म्हणजे आम्ही: मी, एक भाजीवाली, कोणाची तरी आत्या आणि हाताला प्लास्टर घातलेल्या एक शिक्षिका. आतून सिस्टरांचा आवाज येत होता, शांत, एका पट्टीतला. "हां बाळा. अजून एकदा. घाई नाही आपल्याला." आणि मग रडणं ऐकू आलं, बारीक आणि रागावलेलं. मागं वळून उभ्या असलेल्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या.

"मुलगी," सिस्टर आतून म्हणाल्या. "टाळ्या थांबवा आणि कोणीतरी गरम पाणी आणा."

माझा हात धरून ठेवल्यानं बधिर झाला होता. भाजीवाली रडत होती. सिस्टर मात्र हात धुऊन सरळ डॉक्टर आपट्यांच्या खोलीत गेल्या आणि मी त्यांच्यामागं.

"तळमजल्यावर बाळंतपण आणि अपघात. बाकी सगळं वर. हे मी विचारत नाहीये."

"मी नाही कुठं म्हणालो?" आपटे म्हणाले.

"लिमयेसाहेब आले की म्हणाल."

त्या खोलीबाहेर आल्या आणि भिंतीला पाठ लावून क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी पाणी दिलं. त्या ते घटाघट प्यायल्या आणि म्हणाल्या, "टेप घ्या तुमचा. दुसरी चादर नीट धरली नव्हती तुम्ही."

लिमयेसाहेब म्हणजे आमचे देणगीदार. अमेरिकेत बरीच वर्षं काढून परतलेले, जवळच्याच एका काचेच्या इमारतीत त्यांची सॉफ्टवेअर कंपनी होती. माणूस सज्जन, बोलायला मऊ. पण त्यांची एक अट होती: तळमजल्यावर दुमजली उंचीची मोठी लॉबी, वर काचेचं छत, मध्ये झाडं. "आत पाऊल टाकताच माणसाला प्रसन्न वाटलं पाहिजे." आणि खरं सांगायचं तर, ती लॉबी मलाही हवी होती. ती मी जीव ओतून काढली होती. असं काही बांधायची संधी पुन्हा कधी येणार? पण त्या लॉबीनं निम्मा तळमजला खाल्ला होता आणि नकाशात बाळंतिणी परत वर गेल्या होत्या.

दोन बैठका झाल्या. लिमये हसत हसत ठाम राहिले, सिस्टर न हसता. न्यासाची मंडळी देणगी जाईल म्हणून गप्प. तिसऱ्या बैठकीत सिस्टर म्हणाल्या, "ठीक आहे. साहेबांची लॉबी करू या. पण आधी चालून पाहू."

"कुठं चालून?" लिमयांनी विचारलं.

"मागच्या मैदानावर. रविवारी सकाळी या."

घोडकेमामा गावच्या कबड्डीच्या सामन्यांना मैदान आखून द्यायचे. शनिवारी आम्ही दोघांनी माझा नकाशा हातात घेऊन, दोरी धरून, पांढऱ्या फक्कीनं सगळा तळमजला मैदानावर आखला. आहे त्या मापाचा. दारांच्या जागी विटा मांडल्या. कोठीतल्या मोडक्या कॉटा आणून वॉर्ड लावले. लिफ्टच्या जागी मामांनी एक खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "ही लिफ्ट. बंद हाय."

रविवारी सुट्टीवरच्या नर्सेससुद्धा आल्या. लिमये गाडीतून उतरले ते हातात नारळ घेऊन. त्यांना भूमिपूजन वाटलं होतं. सिस्टरांनी नारळ घेतला आणि स्ट्रेचरकडे बोट केलं. "साहेब, झोपा."

"मी?"

"तुम्हाला अपघात झालाय. झोपा."

लिमये झोपले. बूट काढून, संकोचानं, दोन्ही हात पोटावर. घोडकेमामांनी स्ट्रेचर ढकललं, सिस्टर छातीवरचं घड्याळ उचलून धरून बाजूनं चालायला लागल्या. फाटकातून आत, पायऱ्यांशेजारच्या उतारावरून लॉबीत. लॉबी काही संपेना. मामा ढकलताहेत, लिमये आभाळाकडे बघताहेत.

"ऊन डोळ्यांवर येतंय हो," लिमये म्हणाले.

"येणारच साहेब. छत काचेचं आहे."

आम्ही सगळे हसलो, सर्वांत मोठ्यानं लिमये. पण पुढच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. मामांनी मागं घेतलं, पुन्हा वळवलं, शेवटी वैतागून सरळ काढलं. "आवं साहेब, भिंत फुटली की ही!" पांढऱ्या रेघेवरून चाकं गेली होती. ती भिंत मी काढलेली होती.

अपघात विभागाच्या विटांपर्यंत पोचल्यावर सिस्टरांनी घड्याळ सोडलं. किती वेळ लागला ते त्यांनी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. लिमये उठून बसले. मग म्हणाले, "माझ्या आईला मी इथंच आणलं होतं, सिस्टर. शिकत होतो तेव्हा. बाकी काही आठवत नाही, एवढंच आठवतं की तिला बसायला जागा नव्हती. दोन तास उभी होती. म्हणून मला मोठी लॉबी पाहिजे होती."

सिस्टरांना हे अपेक्षित नव्हतं. त्या फक्कीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मग तुमचंही बरोबरच आहे साहेब. मला वाटलं, शोभेसाठी मागताय. आधी विचारायला हवं होतं मी."

"आता विचारा."

त्यानंतर जे झालं, ते मी कधी विसरणार नाही. चपला काढून पायांनी रेघा पुसणं सुरू झालं. लॉबी अर्धी झाली, छत साधं झालं, पण बसायला जागा मूळ नकाशाहून जास्त निघाली, आणि सगळ्या बाकांना पाठी. बाळंतिणी खाली आल्या. अपघात विभाग फाटकापासून एका वळणावर आला. लिमयांनी बाह्या सरसावून स्वतः फक्कीची पाटी उचलली. "आम्ही याला टेस्टिंग म्हणतो, सिस्टर. आणि आम्ही ते शेवटी करतो, म्हणून पस्तावतो." डॉक्टर आपटे एकामागून एक चार रोगांचे पेशंट झाले. पाचव्यांदा झोपले ते खरोखरच झोपले. दुपारपर्यंत मैदानावर तीन इस्पितळं एकमेकांवर आखली गेली होती आणि आम्ही सगळे गुडघ्यापर्यंत पांढरे होतो.

माझं काचेचं छत गेल्याचं मला वाईट वाटलं का? वाटलं. संध्याकाळी घरी जाऊन मी तो कागद एकदा उघडून पाहिला. मग नवा कागद घेतला.

सिस्टरांचं सगळंच मान्य झालं असं मात्र नाही. पेशंटच्या नातेवाइकांना चूल मांडायला आणि कपडे वाळत घालायला त्यांना गच्चीवर छप्पर हवं होतं. न्यासानं ते कापलं. चार दिवस त्या माझ्याशी फक्त "आपण" म्हणून बोलल्या. "आपण चहा घेणार? आपण बसावं." पुण्यात ही शिक्षा काय असते, ते पुण्यातल्या माणसालाच कळेल. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर चटणीचा डबा सरकवला आणि मी सुटले.

आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत त्या साफ चुकल्या. नव्या इमारतीत केसपेपर कॉम्प्युटरवर काढायचे ठरले, तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. "यंत्र पेशंटकडे बघत नाही." पहिले दोन दिवस रांग खरोखरच शहाळेवाल्याच्या पुढे गेली आणि सिस्टर येता-जाता माझ्याकडे बघून भुवया उंचवायच्या. तिसऱ्या दिवसापासून ती आक्रसायला लागली. पंधरवड्यानं सकाळी साडेनऊलाच दारातली फरशी दिसली. त्या दिवशी सिस्टर केसपेपरच्या खिडकीशी गेल्या, आतल्या मुलीला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चुकलं माझं. शिकवा मला," आणि तिच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. एका बोटानं टाइप करायच्या. महिनाभरात त्यांना त्यातल्या उणिवाही दिसायला लागल्या. लिमयांचा एक इंजिनिअर त्यांनी बोलावून घेतला.

"मांजरीच्या शांताबाई पवार पाच आहेत. तुमच्या यंत्रात कोणती कुठली कळत नाही. ओळखीची खूण लिहायला जागा करा."

"ओके मॅडम, एक फील्ड अ‍ॅड करतो. ऑप्शनल ठेवू?"

"ऑप्शनल म्हणजे?"

"म्हणजे नाही भरलं तरी चालतं."

"मग कोणीच भरणार नाही. सक्तीचं करा."

त्या रकान्यात पुढे काय काय भरलं गेलं ते मी पाहिलंय. 'कानात बाळी'. 'लेक पोलिसात'. 'इंजेक्शनला घाबरतात, आधी बोलावं'.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, उद्घाटनाच्या दिवशी पुढच्या बाजूला मांडव, हार, भाषणं चालली होती. सिस्टरांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या तिथं नव्हत्या. मी शोधत आत गेले. त्या तळमजल्यावरच्या बाळंतिणींच्या वॉर्डात होत्या. पेशंट हलवणं चालू होतं. एका कॉटवर एकच बाई आडवी झाली होती, आणि सवयीनं कडेला सरकून अर्धी जागा रिकामी ठेवत होती. सिस्टर तिला सांगत होत्या, "अगं, नीट झोप मधोमध. सगळी तुझीच आहे." बाहेर पुन्हा नाव पुकारलं गेलं. "सत्कार ना? तो डॉक्टरांना करू द्या. त्यांना हार शोभतो."

त्यानंतर आमच्या भेटी कमी झाल्या. मला रुग्णालयांचीच कामं मिळत गेली आणि मी पुण्याबाहेर जास्त राहू लागले. त्या निवृत्त झाल्याचं कळलं, तेव्हा मी गावाला होते.

शेवटचं पाहिलं ते कात्रजला. भाचीच्या मुलांना प्राणिसंग्रहालय दाखवून बाहेर पडत होते, तर फाटकाशेजारी बायकांचा एक घोळका भेळ खात होता. मधोमध मेश्राम सिस्टर. जांभळी साडी, केसांत अबोलीचा गजरा. मी कधी त्यांना रंगीत साडीत पाहिलंच नव्हतं. निवृत्त नर्सेसची सहल महाबळेश्वरला निघाली होती आणि वाटेत साप पाहायला थांबली होती.

"या बाई!" त्या ओरडल्या आणि घोळक्याला म्हणाल्या, "ह्या आमच्या आर्किटेक्ट. बाळंतपणात चादर धरतात."

माझ्या हातात भेळेचा कागद आला. सध्या काय बांधताय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एका आयटी कंपनीची इमारत. "तिथले लोक दिवसभर काय करतात?" "बसून काम करतात." त्यांनी थोडा विचार केला. "मग त्यांच्यासाठी एक मोठं मैदान ठेवा," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांच्या बसचा हॉर्न वाजला. बायका चढल्या. पण बस निघेना. मागं एक टेम्पो, बाजूला रिक्षा, पुढे सातारा रस्त्याची रहदारी, आणि ड्रायव्हर घाबरून आरशात बघत बसलेला. मी वळून पाहिलं तर सिस्टर खाली उतरल्या होत्या. साडीचा पदर खोचून त्या भर रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या. एक हात येणाऱ्या गाड्यांना आडवा, दुसरा ड्रायव्हरला. "येऊ द्या! येऊ द्या! डावीकडे! अजून भरपूर जागा आहे!" एका ट्रकवाल्यानं कर्कश हॉर्न दिला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हॉर्न बंद झाला.

बस सुटली, रस्त्याला लागली, आणि सिस्टर तिच्यामागं धावल्या, एका हातात निऱ्या सावरत, खदखदून हसत. दार उघडंच होतं. आतून दहा-बारा हात बाहेर आले आणि त्यांनी त्यांना वर ओढून घेतलं.